वजा दोन

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा, आणि लोक म्हणतात तसा जरा हट्टी. हट्टी हा शब्द मला मान्य आहे. खोटारडा हा शब्द मात्र मी कधीच मान्य केला नाही, आणि आज तोंड उघडले आहे ते तेवढ्यासाठीच. मित्रांनो, माझ्या डबीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर निळ्या शाईने 'वजा दोन' असे लिहिले आहे. बारा वर्षे मी ती चिठ्ठी निमूटपणे अंगावर वागवली. ती कुणी लावली, का लावली आणि पुढे तिचे काय झाले, ते तुम्हांला सांगतो. मध्येच उठून जाऊ नका.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. तिथला म्हातारा कारागीर तापलेली नळी दोन्ही हातांनी ओढून केसाएवढी बारीक करत असे. माझ्या गळ्यापाशी त्याने नळी मुद्दाम किंचित आवळली. त्यामुळे माझा पारा एकदा वर चढला की आपणहून खाली येत नाही. मला धरून चांगले दोन-चार झटके द्यावे लागतात, तेव्हा कुठे मी माघार घेतो. माझा हट्ट असा जन्मापासूनचा आहे. नंतर एका बाईने भिंग लावून माझ्या अंगावर पंच्याण्णवपासून एकशे आठपर्यंत रेघा कोरल्या. शेवटी आम्हां बारा जणांना गरम पाण्यात एका जुन्या, मुरलेल्या थर्मामीटरशेजारी उभे केले. तो आमचा परीक्षक. जो त्याच्याशी जुळला तो पास. त्या दिवशी तिघे नापास झाले आणि तिथल्या तिथे फोडले गेले. मी एका रेघेचाही फरक न पडता पास झालो. तसे लिहिलेला एक कागद माझ्यासोबत डबीत घातला होता. तो पहिल्याच वर्षी कुणीतरी चण्यांच्या पुडीला वापरला.

मला एका आजींनी विकत घेतले. त्यांना एकच मुलगा. मुलाचे अंग जरा कोमट लागले की त्या मला डबीतून बाहेर काढत. शेजारीपाजारीही मला मागून नेत. कुणाच्या बाळाला, कुणाच्या सासऱ्यांना, एकदा तर एका वकिलांना, जे तारीख पुढे ढकलायला ताप हवा म्हणून मला काखेत धरून बसले होते. मी अठ्ठ्याण्णवच्या वर हललो नाही. त्या काळात गल्लीत माझा शब्द शेवटचा होता, हे मी न लाजता सांगतो.

मग आजींच्या मुलाची परीक्षा आली. त्याला मोजणीदार व्हायचे होते. जमीन मोजायची, रस्त्यांच्या रेघा आखायच्या, डोंगर किती उंच ते सांगायचे, असे ते काम. परीक्षेच्या सकाळी रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. आजी घाबरल्या. त्यांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि मला त्याच्या जिभेखाली ठेवले. मी शंभर आणि वर दोन रेघा दाखवल्या. आजी म्हणाल्या, "ताप आहे. जायचं नाही." तो म्हणाला, "मला काही झालेलं नाही." बराच वाद झाला. शेवटी तो पायांत चपला अडकवून निघून गेला, परीक्षा दिली आणि संध्याकाळी ठणठणीत परत आला.

"बघ," तो आजींना म्हणाला, "मला ताप नव्हताच. तुझा हा थर्मामीटर दोन डिग्री जास्त दाखवतो."

मित्रांनो, त्या पेल्यात काय होते हे दोघांपैकी एकालाही आठवले नाही. मला आठवते. कडकडीत चहा होता. उकळत्या चहाने भाजलेल्या जिभेखाली मला ठेवले तर मी काय दाखवणार? तोंडात जे होते ते मी दाखवले. पण मला बोलता येत नाही, मला फक्त वर चढता येते.

तो पास झाला, मोजणीदार झाला. त्या शिक्षणात त्याला एक गोष्ट पक्की शिकवली गेली. प्रत्येक यंत्राची एक चूक असते. ती ओळखायची, यंत्रावर लिहून ठेवायची आणि दर वेळी वजा करायची. त्याच्या दुर्बिणीवर, साखळीवर, सगळ्यांवर अशा चिठ्ठ्या होत्या. त्या तपासून लावलेल्या होत्या. मग एका रविवारी घरातल्या यंत्रांवरही हात फिरवावा असे त्याच्या मनात आले. घरात यंत्रे दोनच, भिंतीवरचे घड्याळ आणि मी. घड्याळ त्याने रेडिओशी ताडून पाहिले. मला ताडून पाहिले नाही. माझ्याबद्दल त्याला आधीच माहीत होते ना! त्याने डबीवर चिठ्ठी लावली आणि मी कायमचा खोटा ठरलो.

त्यानंतर त्या घरात ताप मोजायची एक रीत पडली. मोजणीदाराचे लग्न झाले, आणि त्याच्या बायकोच्या हाती ही रीत आली. ती मला बघायची आणि आकडा मोठ्याने वाचायची. "एकशे एक." तो हातातले काम न सोडता म्हणायचा, "म्हणजे नव्व्याण्णव." वाचणे तिचे आणि वजाबाकी त्याची. माझ्याकडे आशेने बघणारे कुणी उरले नव्हते. वर चढलो की लोक आधी हसायचे. "हा काय, चढेलच." अरे, चढतो म्हणजे काय, उगाच चढतो?

या बाईंबद्दल थोडे सांगायला हवे. त्या शिलाई मशीन दुरुस्त करत. कपड्यांच्या कारखान्यांत ओळीने मशीनी असतात, त्या बिघडल्या की यांना बोलावणे येई. हाताला कायम तेलाचा वास, पिशवीत सतरा प्रकारचे स्क्रू-ड्रायव्हर. त्यांचा स्वभाव नवऱ्याच्या अगदी उलट. मशीन टाका सोडू लागली आणि कारखान्यातले कुणी म्हणाले की ही मशीनच बंडल आहे, तर त्यांना राग यायचा. "मशीन बंडल नसते," त्या म्हणायच्या. "ती काहीतरी सांगत असते. तुम्ही ऐकत नाही." हे त्या घरी येऊन सांगायच्या, तेव्हा मी डबीतून कितीदा ऐकले आहे. आणि दर वेळी मनात म्हणालो आहे, बाई, मग माझेही ऐका.

त्यांना एक मुलगी. पाच वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत.

त्या वर्षी मोजणीदार दूर डोंगरात नव्या रस्त्याची मोजणी करायला गेला होता. दोन महिन्यांचे काम. तिथून दुपारी बाराला साइटच्या ऑफिसातून तीन मिनिटे फोन करता येई, तोही लाइन लागली तर. आणि नेमके तेव्हाच बाईंना नऊ तासांच्या अंतरावरच्या एका गावातून बोलावणे आले. कारखान्यातल्या अठरा मशीनी बंद पडल्या होत्या. आजी आता राहिल्या नव्हत्या, भिंगरीला ठेवायचे कुठे? बाईंनी लॉजचा नंबर साइटवर कळवला आणि तिला सोबत घेतले. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची कुपी, भिंगरीचे दोन फ्रॉक आणि मी.

बसमध्ये भिंगरी पहिले दोन तास खिडकीला नाक लावून बसली. मग आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. भिंगरी दिवसा झोपली, तेव्हाच मला शंका आली. गावात पोचून लॉजच्या खोलीत शिरेपर्यंत तिला खोकल्याची ढास लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला बाहेर काढले.

"काखेत पाखरू झोपलंय," त्या भिंगरीला म्हणाल्या, "हात घट्ट धर, उडू द्यायचं नाही."

"बाबा कधी येणार?" भिंगरीने विचारले.

"पाखरू उडेल, बोलू नकोस."

बाईंनी स्वतःच्या हाताने तिचा दंड दाबून धरला आणि तीन मिनिटे मोजली. मी एकशे तीन दाखवले. बाईंनी मला उजेडात फिरवून पाहिले. आजवर त्या आकडा वाचायच्या आणि थांबायच्या, पुढचे काम नवऱ्याचे. आता नवरा नव्हता. तेव्हा त्यांनी ते कामही स्वतः केले. एका कागदावर लिहिले, 'सकाळी आठ, एकशे एक.' माझ्या अंगावरचे दोन असे सहज पुसले गेले.

बाई भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेल्या. त्या गावात डॉक्टर रोज नसत. नदीपलीकडून लाँचने एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येत आणि दुपारी चारच्या लाँचने परत जात. तो दिवस त्यांच्या येण्याचा होता. पण दवाखान्याच्या खिडकीत कंपाउंडर बसला होता आणि समोर लांब रांग होती.

"ताप किती?" त्याने मान वर न करता विचारले.

"एकशे एक."

"एकशे दोनच्या वर असेल तर आज. बाकीच्यांनी शुक्रवारी या." आणि त्याने तापाच्या औषधाची बाटली खिडकीतून पुढे सरकवली.

मी पिशवीत होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढा संतापलो नव्हतो. मला हात असते तर मी त्याची खिडकी ठोठावली असती. एकशे तीन! मी सांगितले होते! पण बाई मागे वळल्या आणि भिंगरीला कडेवर घेऊन लॉजवर परतल्या.

त्यानंतरचे तीन तास मी जवळून पाहिले. बाईंनी चादर भिजवून पिळली, भिंगरीचे कपाळ, गळा, तळवे पुसले. सुकली की पुन्हा भिजवली. चमच्याने पाणी पाजले, त्यातले अर्धे ओघळून उशीवर गेले. दहाच्या सुमारास कारखान्याचा माणूस दारात आला. अठरा मशीनी बंद आहेत, मालक चिडलेत, म्हणाला.

"मालकांना सांगा," बाई म्हणाल्या, "मशीनी आज बंद आहेत तशा उद्याही बंद राहतील. कुठे पळून जात नाहीत."

त्यानंतर लॉजचा मॅनेजर आला. जाड मिशीचा, सतत घाम पुसणारा गृहस्थ. शेजारच्या खोल्यांतले लोक खोकल्याची तक्रार करतात, पोरीचे दुखणे पसरले तर लॉज बंद पडेल, तेव्हा खोली रिकामी केलीत तर बरे, असे त्याने अडखळत सांगितले.

"नाही करत," बाई म्हणाल्या आणि चादर पिळू लागल्या. मॅनेजर निघून गेला.

बाराला दहा कमी असताना त्यांनी मला पुन्हा लावले. या वेळी पाखराची गोष्ट सांगावी लागली नाही. भिंगरीचा हात जिथे ठेवला तिथेच पडून राहिला. मी बरोबर एकशे चार दाखवले. बाईंनी लिहिले, एकशे दोन. मग पेन्सिल हातात धरून त्या कागदाकडे बघत राहिल्या. कंपाउंडर म्हणाला होता, एकशे दोनच्या वर. हे बरोबर एकशे दोन होते. वर नव्हते.

खाली मॅनेजरच्या टेबलावर फोन वाजला. बाई भिंगरीला कडेवर घेऊनच जिना उतरल्या. मीही होतो, माझी डबीही, त्यांच्या मुठीत.

"भिंगरी आजारी आहे," त्या म्हणाल्या. "खोकला आहे, अंग तापलंय."

"किती आहे?" मोजणीदाराचा आवाज लांबून, खरखरत आला.

"एकशे दोन."

"एकशे दोन ना? म्हणजे शंभर," तो लगेच म्हणाला. त्याला केवढे हायसे वाटले होते! "मग काळजीचं काही नाही गं. प्रवासाची कणकण असेल. औषध देत राहा, तुझं काम उरकून घे. मी परवा पुन्हा..."

तीन मिनिटे संपली. लाइन तुटली.

बाई रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहिल्या. वजाबाकी त्याची, हे त्या विसरल्या होत्या. त्यांनीही केली आणि त्यानेही केली. एकशे चार डिग्रीची पोरगी दोघांनी मिळून शंभरावर आणून ठेवली होती. त्यांनी मूठ उघडून माझ्याकडे पाहिले. मी अजून एकशे चारवरच होतो. सांगितले ना, मला झटकल्याशिवाय मी माघार घेत नाही.

"आम्ही चार काढून टाकले," त्या स्वतःशी म्हणाल्या. "आणि हिच्या अंगात ते तसेच आहेत."

त्या तिथल्या बाकावर बसल्या, भिंगरीला मांडीवर घेतले, आणि मला डोळ्यांसमोर धरले. आजवर त्या घरात मला असे कुणी पाहिले नव्हते. बिघडलेल्या मशीनकडे त्या जसे बघत, तसेच बघत होत्या. मग त्यांनी डबीवरची चिठ्ठी वाचली. "हे तपासलं कुणी?" त्या म्हणाल्या.

बारा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. आणि मित्रांनो, उत्तर शोधायला काहीच लागत नाही. एक निरोगी माणूस लागतो. पण निरोगी माणसाचा ताप मोजतो कोण?

त्यांनी मला झटकले, पुसले आणि स्वतःच्या काखेत धरले. तीन मिनिटांनी मी अठ्ठ्याण्णव दाखवले. मला पुन्हा झटकून बाई मॅनेजरकडे वळल्या.

"हात वर करा."

"मी? मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"म्हणूनच पाहिजेत तुम्ही."

त्यांचा सूरच असा होता की मॅनेजरने शर्टाची दोन बटणे उघडून मला काखेत घेतले आणि शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून राहिला. तो घामेजलेला होता, मी तक्रार केली नाही. अठ्ठ्याण्णवला एक रेघ कमी. झाडू मारणाऱ्या मावशी हे सगळे बघत उभ्या होत्या, त्या आपणहून म्हणाल्या, "मलाही लावा." मावशी अठ्ठ्याण्णव आणि दोन रेघा.

"आता यांतले दोन वजा करा," बाई मॅनेजरला म्हणाल्या.

मॅनेजरने बोटांवर हिशेब केला. "माझे... शहाण्णवला एक रेघ कमी?"

"शहाण्णवच्याही खाली. चिठ्ठी खरी असेल तर आपण तिघं गारठून पडायला पाहिजे होतो. पडलोय का?"

"नाही बुवा," मावशी म्हणाल्या.

बाईंनी खिशातला कागद काढला. त्यावरचे दोन्ही आकडे खोडले आणि शेजारी खरे लिहिले. सकाळी एकशे तीन. दुपारी एकशे चार. अक्षर ठसठशीत आले. मग त्यांनी भिंगरीला खांद्यावर घेतले.

"दवाखान्यात जाताय तर किल्ली देऊन जा," मॅनेजर म्हणाला. सवयीने म्हणाला असावा.

"किल्ली माझ्याजवळ राहणार. पोरगी बरी होऊन याच खोलीत झोपणार आहे."

उन्हाचा कडाका होता. बाई जवळजवळ धावत होत्या. मावशी ओली चादर घेऊन मागून आल्या, कुणी सांगितले नव्हते तरी. दवाखान्याच्या खिडकीत तोच कंपाउंडर, समोर रांग अजून होतीच. बाई सरळ खिडकीपाशी गेल्या.

"एकशे चार."

त्याने या वेळी मान वर केली. "सकाळी तुम्हीच एकशे एक म्हणालात. आता रांग दिसली म्हणून एकशे चार झाले? सगळे असंच सांगतात बाई. मागे व्हा."

रांगेतले लोक कुरकुरू लागले. कुणीतरी म्हणाले, आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत? मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही कडेवर पोरे होती. पण बाई हलल्या नाहीत. एक पाऊलही नाही.

"सकाळचं मी चुकीचं सांगितलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "थर्मामीटर बरोबर होता, मी चुकले. माझा विश्वास नसेल तर तुमचा लावा. एकशे दोनच्या वर नसेल तर मी शुक्रवारी येते, रांगेत सर्वांत मागे उभी राहते. पण लावल्याशिवाय मी इथून जात नाही."

कंपाउंडरने उसासा टाकला आणि आपला थर्मामीटर खिडकीतून बाहेर दिला. त्या थर्मामीटरहून वयाने मी बराच मोठा होतो. तो भिंगरीच्या एका काखेत आणि मी दुसऱ्या काखेत. पुन्हा ती काचेच्या कारखान्यातली गरम पाण्याची टाकी आणि शेजारी उभा असलेला परीक्षक मला आठवला. तेव्हा फक्त माझा निकाल होता. आता या पोरीचा होता.

कंपाउंडरने दोघांना शेजारी शेजारी धरले. एकशे चार आणि दोन रेघा. दोन्हींवर तेच. त्याने आतले दार उघडले, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाने स्वतःहून बाजूला सरून वाट दिली.

डॉक्टरीणबाईंनी नळी भिंगरीच्या पाठीला लावली आणि खूप वेळ ऐकले. "कधीपासून आहे? ताप किती किती होता?"

बाईंनी कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी खोडलेले आकडे पाहिले. "हे दोन कुठे गेले होते?"

"आमच्या घरात वजा होतात," बाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "फुप्फुसाला सूज आलीय," म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत थांबला असतात तर मी काहीच सांगू शकले नसते." मग त्यांनी इंजेक्शन भरता भरता कंपाउंडरला हाक मारली. "लाँचवाल्याला सांग, मी पाचला येते. नाही थांबला तर मी आज इथेच राहीन."

लाँचवाला थांबला. जाताना डॉक्टरीणबाई कंपाउंडरला सगळे समजावून गेल्या. भिंगरीला दवाखान्यातल्याच खाटेवर ठेवले. बाई खाटेशेजारी स्टूल घेऊन बसल्या. दर चार तासांनी मला लावत आणि जे दिसे तेच लिहीत. एकशे तीन. पुन्हा एकशे तीन. एकशे दोन. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला झटकून लावले, तीन मिनिटे मोजली, आणि खिडकीपाशी जाऊन वाचले. "नव्व्याण्णव," त्या म्हणाल्या. "पूर्ण नव्व्याण्णव." त्यातून कुणीही काही वजा केले नाही. भिंगरीने डोळे उघडून विचारले, "पाखरू उडालं का?"

साइटवर निरोप पोचायला एक दिवस गेला आणि मोजणीदाराला यायला एक. तो धुळीने माखलेला आला, बुटांवर डोंगरातली लाल माती तशीच. आधी त्याने भिंगरीचा पाय धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग बाईंनी त्याला सगळे सांगितले. वजाबाकीपर्यंत आल्यावर तो म्हणाला, "पण तो खरंच दोन जास्त दाखवतो. परीक्षेच्या दिवशी मी स्वतः..."

"बसा इथे," बाई म्हणाल्या. मावशींनी त्याच्यासाठी चहा आणला होता, तो त्याच्या ओठांपर्यंत गेला होता. बाईंनी कप काढून घेतला. "हा नंतर. आधी हात वर करा."

तीन मिनिटांनी मी त्याला अठ्ठ्याण्णव दाखवले. त्याने मला उजेडात फिरवून पाहिले, आडवे धरून, उभे धरून, जसा तो दुर्बिणीत बघतो तसा. बाई हातातल्या कपाकडे बघत होत्या. त्यातून वाफ येत होती.

"परीक्षेच्या दिवशी चहा प्यायला होतात का हो?"

"परीक्षेच्या दिवशी चहा न पिता कोण जातं?" तो म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उतरला. तो त्या कपाकडे बघत राहिला, मग भिंगरीकडे.

त्याने माझी डबी हातात घेतली आणि नखाने चिठ्ठीचा कोपरा उचकटायला लागला.

"काढू नका," बाई म्हणाल्या. "राहू दे. दिसत राहू दे."

तेव्हा त्याने खिशातली पेन्सिल काढली. 'वजा दोन' वर एक रेघ मारली आणि खाली, मोजणीच्या वहीत लिहितात तशा बारीक अक्षरात लिहिले, 'यंत्राची चूक शून्य. चूक मोजणाऱ्याची.' खाली तारीख घातली आणि सही केली. तुम्हांला सांगतो मित्रांनो, कारखान्यातल्या त्या चण्यांच्या पुडीला गेलेल्या कागदाची उणीव मला पुन्हा कधी भासली नाही.

बाकी आयुष्य इतरांसारखेच गेले. अठरा मशीनी बाईंनी पुढच्या आठवड्यात चालू करून दिल्या, भिंगरी त्याच खोलीत झोपली आणि मॅनेजरने जाताना तिला पेपरमिंट दिले. पुढे घरात बॅटरीचा थर्मामीटर आला. तो एका मिनिटात टीं टीं करतो आणि आकडे स्वतःच दाखवतो. मी कपाटाच्या खणात गेलो, सुया आणि जुन्या किल्ल्यांमध्ये. तिथे वर्षे गेली. मी कुरकुर करत नाही. फक्त बॅटरी संपली की तो गप्प बसतो आणि सगळे घर त्याला हलवून बघते, तेव्हा मला थोडी मजा वाटते.

गेल्या महिन्यात खण उघडला. भिंगरी मोठी झाली आहे, दूरच्या गावी नोकरीला निघाली आहे. बाईंच्या केसांत पांढरे आले आहेत, हाताला तेलाचा वास तसाच आहे. त्यांनी मला तिच्या बॅगेत ठेवले.

"आई, माझ्याकडे बॅटरीचा आहे," भिंगरी म्हणाली.

"असू दे. हाही असू दे."

भिंगरीने डबीवरची चिठ्ठी वाचली. रेघ मारलेले 'वजा दोन' वाचले, खालचे बाबांचे अक्षर वाचले, आणि डबी पुन्हा बॅगेत ठेवली, कपड्यांच्या मधोमध, जिथे धक्का लागत नाही.

मित्रांनो, आता निरोप घेण्यापूर्वी थोडे ऐका. मला गरम पाण्याने धुऊ नका, मी फुटतो. फुटलोच तर पाऱ्याचे ते चमकणारे थेंब सुंदर दिसतात म्हणून बोट लावू नका. खिडक्या उघडा आणि मोठ्या माणसांना हाक मारा. मला कचऱ्यात टाकू नका. कुणी नुकताच चहा प्यायला असेल तर मला थोडे थांबवा. आणि कुणी आजारी असेल, तुम्ही एकटे असाल, जवळचे माणूस दूर असेल आणि मी जे दाखवतो ते तुम्हांला नको असेल, तर रागवा, रडा, मला पुन्हा झटकून लावा, हवे तर सगळ्या लॉजला लावा. फक्त मी सांगितलेल्यातून काही वजा करू नका.